८०-२०चा चुकलेला हिशेब

दम वाढवायचा तर जोरात पळावं की सावकाश, यावर सध्या दोन तट पडले आहेत. एक तट सांगतो की ८० टक्के सराव गप्पा मारत करता येईल इतका आरामात हवा आणि उरलेला २० टक्केच जोराचा. जगातले अव्वल खेळाडू हेच करतात. दुसरा तट म्हणतो की तासन्‌तास रेंगाळणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं; चार मिनिटं जीव तोडून केलेला व्यायाम तासाभराच्या पळण्याला भारी पडतो आणि हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. शोधनिबंध दोघांकडे आहेत, विजेतेही दोघांकडे आहेत, आणि समोरच्याचा पुरावा वाचून पाहण्याची तसदी मात्र कोणीच घेत नाही.

हा वाद टक्केवारीवर लढला जातोय तोवर त्यातून काही निघणार नाही, असं माझं मत आहे. जोराच्या सरावाला शरीर जी मर्यादा घालतं ती टक्क्यांमध्ये नसते, दिवसांमध्ये असते. आठवड्याला दोन दिवस, फार तर तीन. हौशी माणूस असो की ऑलिंपिक विजेता, ही मर्यादा दोघांना जवळपास सारखीच लागू पडते. फरक असतो तो उरलेल्या वेळाचा. विजेत्याकडे आठवड्याला दहा-पंधरा तास उरतात, नोकरी करणाऱ्याकडे दीड-दोन, आणि तो वेळ सावकाश सरावाने भरायचा. ८०-२० किंवा ५०-५० हे आकडे या बेरजेच्या शेवटी निघतात. आपण मात्र तेच आधी लिहून ठेवतो आणि मग त्यांत बसेल असा सराव शोधत फिरतो.

आधी जोरवाल्यांची बाजू घेऊ, कारण नीट मांडली तर ती मुळीच कच्ची नाही. इझुमी ताबाता आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये केलेला प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला. सायकलवर २० सेकंद पूर्ण ताकदीने पेडल मारायचं, १० सेकंद थांबायचं, असं सात-आठ वेळा. सहा आठवड्यांनी या गटाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे ज्याला सगळे व्हीओटू मॅक्स म्हणतात ती, वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला सुमारे ७ मिलिलिटरने वाढली. आठवड्यातून पाच दिवस तासभर मध्यम गतीने सायकल चालवणाऱ्यांची वाढली ती ५ मिलिलिटर. शिवाय प्राणवायूविना काम करण्याची क्षमता पहिल्या गटात २८ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्यात जैसे थे. नॉर्वेत यान हेल्गेरुड यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं की चार-चार मिनिटांचे चार जोरदार तुकडे, आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे केले तर हीच क्षमता सात टक्क्यांहून अधिक वाढते; तेवढंच एकूण काम सावकाश पळून करणाऱ्यांची काहीच वाढत नाही. आणि कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांच्या गटाने २०१६ मध्ये तर कमालच केली. दहा मिनिटांच्या सत्रात २० सेकंदांचे फक्त तीन जोरदार तुकडे, आणि समोर ४५ मिनिटं मध्यम सायकल. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांची वाढ सारखीच निघाली, सुमारे १९ टक्के. ज्याला दिवसातून वीस मिनिटंही मिळत नाहीत त्याला हे वाचून हायसं वाटलं तर त्याला हसण्यात अर्थ नाही. वेळ नाही म्हणून काहीच न करणाऱ्यांसाठी हे संशोधन खरोखर मोलाचं आहे.

पण या प्रयोगांनी विचारलेला प्रश्न कोणता होता? हेल्गेरुड यांच्या प्रयोगात दोन्ही गटांचं एकूण काम मुद्दाम सारखं ठेवलं होतं. प्रयोग म्हणून ते बरोबरच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. पण सावकाश सरावाचा सगळा फायदाच हा की तो पुष्कळ करता येतो. आज दीड तास पळून उद्या पुन्हा तासभर पळता येतं, परवाही. हा फायदा आखणीतच काढून घेतल्यावर सावकाश सराव हरला, यात नवल ते काय? जोराच्या सरावाला मात्र त्याच्या सोयीचंच मैदान मिळालं: आठवड्याला तीन दिवस, मध्ये विश्रांतीचे दिवस, आठ आठवड्यांत खेळ खलास. गिबाला यांचे स्वयंसेवक तर मुळात व्यायाम न करणारे होते. अशा माणसाला काहीही करायला लावलं तरी त्याचा दम वाढतो. चार वर्षं रोज पळणाऱ्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करायचा कसा? आणि एक गोष्ट तर डोळ्यांसमोर असून दिसत नाही. यांतल्या दोन प्रयोगांत जोराचे दिवस आठवड्याला तीनच आहेत. ताबातांच्या प्रयोगात ते जास्त होते, पण एकेका दिवसाचं खरं काम चार मिनिटांचं आणि मुक्काम सहा आठवड्यांचा. म्हणजे तिनाची मर्यादा जोरवाल्यांच्या स्वतःच्या पुराव्यातच बसलेली आहे, फक्त तिच्यावर कोणी बोलत नाही.

इतिहासात गेलं तर दोन्ही तटांची आणखी पंचाईत होते. इंटरव्हल सरावाचं, म्हणजे मध्ये थांबे घेत जोराचे छोटे तुकडे पळण्याचं, शास्त्र १९३०च्या दशकात जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे आकाराला आलं. प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयाचे डॉक्टर हान्स राइंडेल ही जोडी त्यामागे होती. त्यांचा सराव जवळून पाहण्यासारखा आहे. धावपटूने छोटं अंतर पळायचं, नाडी १८०पर्यंत चढू द्यायची, आणि मग थांबून मोजत राहायचं. ९० सेकंदांच्या आत ठोके १२०वर उतरले तर पुढचा तुकडा. उतरले नाहीत तर वेग जास्त झालाय किंवा आजचा दिवस संपलाय. हृदयावर घडणारा मुख्य परिणाम थांब्याच्या त्या काळातच होतो, अशी त्यांची धारणा होती. ती पूर्णपणे बरोबर होती की नाही हा वेगळा विषय, पण आज ‘अजून एक, अजून एक’ असं ओरडत मुलांना पिटाळणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. ज्यांनी ही पद्धत बसवली, त्यांच्या पद्धतीत थांबायचं कधी याचा नियम पळण्याच्या नियमाइतकाच कडक होता. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या रुडॉल्फ हार्बिगने १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळून आधीचा विक्रम तब्बल १.८ सेकंदांनी मोडला आणि तो पुढे १९५५पर्यंत टिकला.

चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक हे इंटरव्हलवाल्यांचं दैवत. १९५२ला हेलसिंकीत ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन, अशी तीन सुवर्णपदकं एका ऑलिंपिकमध्ये. हा माणूस ४०० मीटरचे तुकडे रोज पळायचा, तेही डझनांनी. मग माझा तीन दिवसांचा नियम इथेच मोडला का? वरवर पाहता हो. पण चाळीस, पन्नास, साठ वेळा ४०० मीटर, मध्ये चालणं नाही तर हळू पळणं, हे सगळं रोज पूर्ण जोरात कोणाच्या बापाला जमणार आहे? त्यातले बरेचसे तुकडे त्याच्या शर्यतीच्या वेगाहून हळू असत. आजच्या भाषेत सांगायचं तर तो तुकड्यातुकड्यांनी प्रचंड अंतर कापत होता. चार मिनिटांच्या आत मैल पळणारा पहिला माणूस, इंग्लंडचा रॉजर बॅनिस्टर, याचं उदाहरण याहून अवघड आहे आणि ते मी टाळणार नाही. वैद्यकीचा विद्यार्थी, सरावाला दुपारचा थोडका वेळ, मुख्य भर दहा वेळा ४०० मीटरवर. आणि ६ मे १९५४ रोजी मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत. थोडक्यात पण जोरात, याचा याहून चांगला दाखला नाही. फक्त त्यातला एक तपशील सांगायचा राहून जातो. त्या वसंतात त्याचे तुकडे ६१ सेकंदांवर अडले होते, काही केल्या खाली येईनात. तेव्हा तो सराव सोडून काही दिवस स्कॉटलंडमध्ये डोंगर चढायला गेला. परतल्यावर ते ५९ सेकंदांवर आले. जोर तोच होता, कमी पडत होती ती सावरायला सवड.

दुसऱ्या तटाचं दैवत म्हणजे न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड. आठवड्याला १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर. आणि हे ८०० मीटर पळणाऱ्यालाही. पीटर स्नेल त्यांच्या हाताखाली वाइटाकेरेच्या डोंगरांतली ३५ किलोमीटरची फेरी पळायचा. रोमच्या ऑलिंपिकमध्ये १९६०ला एकाच दुपारी स्नेलने ८०० आणि मरे हॅल्बर्गने ५,००० मीटर जिंकल्यावर इंटरव्हलवाल्यांची झोप उडाली. डिसेंबर १९६१मध्ये स्नेलने मॅरेथॉन पळली आणि पुढच्या दोन महिन्यांत मैल आणि ८०० मीटर असे दोन्ही जागतिक विक्रम केले. हे ऐकून सावकाशवाले खूश होतात. पण लिडियर्ड यांच्या वर्षात लांब पळण्याचे आठवडे संपले की चढावरच्या उड्या येत, मग ट्रॅकवरचा जोराचा सराव येई, आणि लांब पळणंही काही फिरायला गेल्यासारखं नसे. त्यांच्या नावावर ‘फक्त हळू पळा’ हा उपदेश कोणी चिकटवला कोण जाणे. दोन्ही तट ज्यांच्या तसबिरी लावून बसले आहेत, त्यांचा प्रत्यक्ष सराव या तटांना फारसा मानवणारा नाही.

आता ८०-२०कडे. हा आकडा मुख्यतः स्टीफन सायलर यांच्या कामातून आला. मूळचे अमेरिकन, पण संशोधन नॉर्वेत. नॉर्वेच्या तरुण स्कीपटूंच्या नोंदी त्यांनी तपासल्या तेव्हा सुमारे ७५ टक्के सत्रं सावकाश, १५ ते २० टक्के जोराची आणि मधली अगदी थोडी निघाली. इतर खेळांतही असंच चित्र दिसलं. ही नोंद पक्की आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण मोजमाप सत्रांचं होतं. जोराच्या सत्रातही शरीर तापवणं, मधले थांबे, शेवटचं हळू पळणं धरलं तर खरा जोराचा वेळ थोडाच असतो. मिनिटांनी मोजलं तर तेच प्रमाण ९०-१०च्या आसपास जातं. आणि लोक काय करतात? घड्याळातली मिनिटं मोजून २० टक्के भरतात. सत्रांचा आकडा मिनिटांना लावला की जोराचा वेळ जवळपास दुप्पट झालाच.

मोठी चूक मात्र वेगळीच आहे. अव्वल खेळाडू आठवड्याला बारा-चौदा सत्रं करतो. त्यातली जोराची दोन किंवा तीन. भागाकार करा, उत्तर २० टक्क्यांच्या आसपास येणारच. आता आठवड्यातून चार दिवस, प्रत्येकी ४० मिनिटं पळणारा एखादा हौशी घ्या. त्याने ८०-२० पाळायचं ठरवलं तर त्याच्या वाट्याला आठवड्यातून एक सत्रसुद्धा धड येत नाही. ज्याला दोन जोराची सत्रं सहज पचली असती, ज्याला त्यांचा फायदाही झाला असता, तो बिचारा मनगटावरचं घड्याळ वाजलं की चढावर चालायला लागतो. श्रीमंताच्या खर्चात किराण्याचा वाटा अगदी थोडा असतो. म्हणून किराणा कमी केला की कोणी श्रीमंत होतं का? हौशी धावपटूंवर स्पेनमध्ये झालेल्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात, जो २०१४ साली प्रसिद्ध झाला, हेच दिसलं. सावकाश जास्त आणि मध्यम जास्त अशा दोन्ही गटांचे दहा किलोमीटरचे वेळ सुधारले, पहिल्याचे थोडे अधिक, पण फरक ठामपणे काही म्हणावा इतका नव्हता. थोड्या अंतरावर वाटणी कशीही केली तरी फार बिघडत नाही, कारण थकवा साचायला जे ओझं लागतं तेच तिथे नसतं. आणि त्या घड्याळातल्या, हृदयाच्या ठोक्यांवरून जोर दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्या? त्यांतल्या बऱ्याचशा २२०मधून वय वजा करून कमाल ठोके काढण्याच्या सूत्रावर उभ्या असतात. हे सूत्र १९७१च्या एका आढाव्यातलं, ओबडधोबड अंदाजापुरतं. एकेका माणसाच्या बाबतीत ते दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज चुकतं. सीमारेषाच एवढी डुगडुगती असताना तिच्या अलीकडे-पलीकडे दोन ठोक्यांवरून हमरीतुमरीवर यायचं, याला काय म्हणावं?

सावकाशवाल्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा निरीक्षणाचा नाही, प्रयोगाचा आहे, आणि तो मान्यच करायला हवा. एस्तेवे-लानाओ यांनी २००७मध्ये चांगल्या तयारीच्या धावपटूंचे दोन गट पाच महिने चालवले, एकूण भार सारखा ठेवून. १०.४ किलोमीटरमध्ये ८० टक्के सावकाश पळणारा गट सरासरी १५७ सेकंदांनी सुधारला, दुसरा १२१ सेकंदांनी. झालं, सावकाश जिंकलं! जरा आत पाहा. पूर्ण जोराचा वाटा दोन्ही गटांत सारखाच, सुमारे आठ टक्के. फरक होता तो मधल्या, ना धड सोप्या ना धड अवघड पळण्याचा: एकात १२ टक्के, दुसऱ्यात २५. म्हणजे सावकाशने जोरावर मात केलेलीच नाही. दररोज थोडं थोडं दमवणाऱ्या मधल्या गतीची किंमत त्या पाच महिन्यांत वसूल झाली, एवढंच.

ही किंमत येते कुठून? सायलर यांनीच २००७ मध्ये सरावानंतर हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर कसं पूर्ववत होतं ते तपासलं; मज्जासंस्था किती सावरली ते त्यावरून कळतं. उत्तम तयारीचा खेळाडू सावकाश दोन तास पळला तरी मज्जासंस्था काही मिनिटांत जागेवर येते. पहिला उंबरठा ओलांडून, म्हणजे बोलताना वाक्य तुटायला लागतं त्या गतीच्या वर गेलं की ती सावरायला बराच अधिक वेळ घेते; आणि एकदा वर गेल्यावर किती वर गेलात याने फारसा फरक पडत नाही. यात स्नायूंतला साखरेचा साठा धरा: तो रिकामा झाला की भरायला चोवीस तास, कधी अधिक. आता पेशींच्या पातळीवर या. जॉन हॉलोझी यांनी १९६७मध्ये उंदीर पट्ट्यावर रोज दोन-दोन तास पळवून दाखवलं की स्नायूंतल्या मायटोकाँड्रियाची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या केंद्रांची, प्राणवायू वापरण्याची क्षमता दुपटीने वाढते. (त्या उंदरांना मधूनमधून ३० सेकंदांचे वेगवान तुकडेही पळावे लागत, तेव्हा दोन्ही तटांनी त्यांना आपल्यात ओढायला हरकत नाही.) पुढे दिसलं की लांब पळण्याचा आणि जोरात पळण्याचा संकेत पेशीत वेगवेगळ्या वाटांनी येतो, पण बराचसा एकाच नियंत्रकापाशी जाऊन मिळतो. फरक राहतो तो किंमतीचा. एक वाट उद्या पुन्हा वापरता येते, दुसरी नाही.

आणि आजचं नॉर्वे? तिथे तर मधल्या गतीचाच जयजयकार चाललाय, मग वरचं सगळं खोटं का? याकोब इंगेब्रिग्टसनने टोकियो ऑलिंपिकमध्ये १,५०० मीटरचं आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटरचं सुवर्ण जिंकलं ते उंबरठ्याच्या सरावावर, तोही एका दिवसात दोन वेळा. हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. पण ती पद्धत नीट पाहा. दोन तुकड्यांच्या मध्ये बोटाला किंवा कानाच्या पाळीला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात, लॅक्टेट मोजतात; जोर वाढला की रक्तात वाढत जाणारा हा पदार्थ. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की वेग कमी करायचा. सगळी खटपट खेळाडूला मागे ओढण्यासाठी चालते. आणि दोन-दोन सत्रं एका दिवसात का कोंबतात? कारण त्यामुळे दुसरा दिवस जोरापासून पूर्ण मोकळा मिळतो. मंगळवार, गुरुवार असे दोन दिवस, आठवड्याच्या शेवटी चढावरचा एक जोराचा सराव. बाकी सगळं सावकाश. पुन्हा मोजा. तीन दिवस. टक्केवारीवाल्यांना ही पद्धत कोणत्या खान्यात टाकावी ते समजत नाही; दिवस मोजले तर ती जुन्याच हिशेबात बसते.

हे सगळं धावपटूंपुरतं राहिलं असतं तर एवढं लिहिण्याची गरज नव्हती. या वादाची झळ मुलांना बसते. रक्तातला द्रव काही दिवसांत वाढतो, हृदयाची ताकद काही आठवड्यांत, पण स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना आणि हाडांना महिने लागतात, वाढत्या वयात त्याहूनही जपावं लागतं. चौदा वर्षांच्या मुलाला आठवड्यातून पाच दिवस जोरात पळवलं तर आठ आठवड्यांत त्याची वेळ सुधारणारच; प्रयोगशाळेतही ती आठ आठवड्यांतच सुधारते. पालक खूश, शाळा खूश, प्रशिक्षकाचं नाव झालं. नडगीचं दुखणं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतं, आणि तोवर स्पर्धा होऊन गेलेली असते. सहा-आठ आठवड्यांचे शोधनिबंध समोर धरून या पद्धतीचं समर्थन करणाऱ्यांना एवढंच विचारावं की सातव्या महिन्याचा आकडा कुठे आहे? तो त्यांच्याकडे नसतो, कारण तो कोणी मागतच नाही. उलट ८०-२०च्या नावाखाली त्याच मुलांना वेगाची चव लागूच न देणारेही आहेत. पळताना पाय झटकन उचलणं, वळणावर झुकणं या गोष्टी तासभर रेंगाळून अंगवळणी पडत नाहीत. मुलांचे जोराचे दिवस दोन असावेत, ते छोटे आणि चुरशीचे असावेत, आणि प्रशिक्षकाच्या नोंदवहीत पदकांच्या शेजारी आणखी एक रकाना असावा: चौदाव्या वर्षी आलेल्यांपैकी विसाव्या वर्षी किती जण अजून पळताहेत.